चूळ भरायला पाणी कुठंय?

आपल्या लिखाणात तोंड लई येतं. तोंडातली शिवी येते, थुंकी येते, आग तर ओळीआड येते. पण त्या तोंडात दात किती उरलेत हे कुणी मोजत नाही. मोर्चात घोषणा देणाऱ्या आपल्या माणसांच्या हिरड्यांतून रक्त येतं, आणि ते पोलिसांच्या लाठीनं आलेलं नसतं, म्हणून त्याची बातमी होत नाही.

मित्रांनो, पुढच्या वेळी गावाकडं जाल तेव्हा माणसांच्या तोंडात बघा. चाळिशीतली बाई, समोरचे दात लांब झालेले, मुळं उघडी पडलेली, हिरडी काळपट जांभळी, हसताना पदर तोंडावर. पंचेचाळिशीचा बाप्या, ज्वारीची भाकरी चहात भिजवून गिळतोय, कारण चावायच्या दाढाच गेल्यात. साठीची म्हातारी कालवणात भाकरी कुस्करून पातळ करून पिते. बाजारात वांगी घेताना कोवळी बघून घ्यावीत तसं ती जगातलं सगळं अन्न आता मऊ आहे की टणक एवढंच बघून घेते. आपण म्हणतो, वय झालं. वय नाही झालं. दात म्हातारपणानं पडत नाहीत. हा रोग आहे. त्याला गावात पायरिया म्हणतात, आणि तो टाळता येतो. टाळता येणाऱ्या रोगानं आख्ख्या वस्तीची तोंडं बोळकी होत असतील तर तिथं राजकारण आहे. मी त्याबद्दल बोलतोय.

आधी रोग समजून घेऊ. त्याशिवाय नुसती ठणठण करण्यात अर्थ नाही. दातावर दिवसभरात एक चिकट थर बसतो. त्यात जंतू असतात, कोट्यवधी. घासला तर निघतो. घासला नाही, किंवा हिरडीच्या कडेला काडी-ब्रश पोचलाच नाही, तर हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येतं. इथवर काही बिघडलेलं नाही. नीट घासायला लागलं तर आठ-पंधरा दिवसांत हिरडी पूर्ववत होते. पण तसाच राहिला तर लाळेतला चुना त्या थरात बसतो आणि त्याचा दगड होतो. त्यालाच किटण म्हणतात. किटण ब्रशनं निघत नाही, कोळशानं निघत नाही, ते औजारानंच खरवडावं लागतं. किटणाच्या आसऱ्यानं जंतू हिरडीच्या खाली उतरतात, हिरडी दातापासून सुटते, तिथं खिसा होतो, खिशात पू. आणि मग दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजायला लागतं. एकदा झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. दात हलतो, एक दिवस भाकरीबरोबर हातात येतो. दाताला कीड नसते, अख्खा दात धड असतो. पाया गेलेल्या भिंतीसारखा पडतो.

ह्या सगळ्या प्रवासात दुखत नाही, ही त्याची खरी हरामखोरी. किडका दात ठणकतो, माणसाला रात्रभर नाचवतो. हिरडीचा रोग वर्षानुवर्षं गप काम करतो. ज्याला दिवसाची मजुरी पडल्यावर चूल पेटवायची आहे तो न दुखणाऱ्या गोष्टीसाठी तालुक्याला जाईल का? तुम्ही गेला असता का? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात जगात सुमारे शंभर कोटी माणसांना हिरडीचा गंभीर रोग आहे असं मांडलंय. शंभर कोटी माणसं गबाळी आहेत म्हणून हे झालं, असं कुणी म्हणत असेल तर त्याला नमस्कार.

पण म्हणतातच. सरकारी दवाखान्यात दाताचा डॉक्टर भेटलाच, तर त्याचं पहिलं वाक्य काय असतं? ‘दात घासत नाही का गं, बाई?’ माझ्या आत्यासमोर एकानं हे विचारलं. आत्या पन्नाशीची, डॉक्टर पंचविशीतला. ‘अगं बाई’ तर सोडाच, ‘मावशी’ म्हणायला त्याच्या जिभेला काय जड गेलं होतं? आत्या म्हणाली, ‘घासते की बाबा, रोज घासते, दिवसातनं तीनदा घासते.’ ती खोटं बोलत नव्हती. ती तीनदा घासत होती. मशेरीनं.

आता मशेरीवर थोडं थांबू. शहरात जन्मलेल्या पोरांना ही भानगड ऐकून माहीत असते, बघून नसते. तंबाखूची पानं तव्यावर टाकायची, काळी होईस्तोवर भाजायची, धूर घरभर, पोरं खोकतात. मग चुरून पूड करायची आणि डबीत भरायची. तर्जनीवर चिमूटभर घेऊन दातांवर-हिरड्यांवर चोळायची. पण चोळून चूळ भरून मोकळं होत नाहीत. ती तोंडात धरून बसतात, पाव तास, अर्धा तास, कामाच्या नादात तासभर. कोकणात आहे, देशावर आहे, मराठवाड्यात आहे, गोव्यात आहे. मुंबईच्या चाळींतही गावाहून आलेल्या पिशवीतनं येते. पाट्यावर वाटलेल्या मसाल्यासारखी ही बायकांच्या हातची वस्तू. पुरुष विडी ओढतो, तंबाखू मळतो, चारचौघांत मळतो. बाईनं विडी ओढली तर गाव काय म्हणेल? मशेरीला मात्र कुणी काही म्हणत नाही, कारण ती दात घासतेय. बाईला व्यसन करायची परवानगी ह्या समाजानं दिली ती स्वच्छतेच्या नावाखाली, हे लक्षात घ्या.

आणि ती का लावते? परवा एक शहरी बाई मला म्हणाल्या, अज्ञान. अज्ञान कसलं! गावातल्या बाईला विचारा, ती तीन कारणं पटापट सांगेल. एक, मशेरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही. हे खरं आहे, निकोटिननं आतडं हलतं. आणि ज्या बाईला उजाडायच्या आत, अंधार आहे तोवर, बाप्या माणसाची चाहूल लागायच्या आत उरकून यायचंय तिच्यासाठी ती चिमूट म्हणजे घड्याळ आहे. दोन, भूक मरते. हेही खरं. तीन, दात ठणकत असला की बधिर होतो. हेही खरं. म्हणजे संडास नाही म्हणून मशेरी, अन्न पुरत नाही म्हणून मशेरी, डॉक्टर नाही म्हणून मशेरी. ज्या तीन गोष्टी सरकारनं द्यायच्या त्या तिन्ही एका डबीत मिळतात, त्याही दोन-चार रुपयांच्या पानात. बाईचा हिशेब चुकलेला नाही. तिला दिलेलं गणितच हरामी आहे.

पण म्हणून मशेरीचं कौतुक करू नका! आपल्यातले काही कवी आज्जीच्या मशेरीच्या वासावर गहिवरतात. अरे बाबांनो, त्या वासानंच आज्जीची हिरडी खाल्ली. पूड खरखरीत असते, ती दाताचं आवरण घासून काढते. जिथं धरतात तिथली हिरडी मागं सरकते, मूळ उघडं पडतं, मग गार पाण्याची चूळ भरली तरी कळ मस्तकात जाते, मग बाई गार पाणीच टाळते. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हिरडी आतून सडत असताना रक्त कमी दिसतं, बाईला वाटतं मशेरीनं हिरडी घट्ट झाली. गरोदर बाई लावत असेल तर निकोटिन पोटातल्या पोराच्या रक्तात जातं. अशा बायकांची बाळं वजनानं कमी भरतात हे संशोधनात दिसून आलेलं आहे. आणि ह्या सगळ्याच्या शेवटी गालाच्या आत पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम. धूर न काढणारी तंबाखू कॅन्सर करते, यावर जगातल्या शास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही.

२०१६-१७ साली सरकारनं देशभर प्रौढांच्या तंबाखूची पाहणी केली. महाराष्ट्रात शंभरातली चोवीस माणसं धूर न काढणारी तंबाखू घेतात, विडी-सिगारेट ओढणारी चाराच्या आत. बायकांत धरलं तर दर सहा जणींत एक. म्हणजे सिनेमाच्या पडद्यावर कोपऱ्यात सिगारेटचा इशारा झळकतो तेव्हा तो मूठभरांना उद्देशून असतो. आपल्या आया त्या पडद्यावर नाहीत.

कायदा आहे का? आहे की! १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. कंपन्या कोर्टात गेल्या, १९९७ साली सुप्रीम कोर्टानं बंदी उचलून धरली. चांगलं झालं. पण तव्यावर भाजलेली मशेरी कुठल्या कंपनीची? तिच्यावर लेबल नाही, परवाना नाही, कारखाना नाही. कायदा दुकानापर्यंत आला आणि चुलीपाशी थांबला. चुलीपर्यंत जायला माणूस लागतो, आणि माणूस पाठवायला पैसा लागतो. गुटख्याचं तर बोलायलाच नको. २०१२ साली महाराष्ट्रात बंदी आली, आणि टपरीवर पुडी मिळते. आईला मशेरी सोड म्हणून सांगणाऱ्या पोराच्या मागच्या खिशात ती पुडी असते. आई बघते. काही बोलत नाही.

मी ज्या माणसांबद्दल लिहितोय ती बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली आहेत. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर. दिवाळीच्या आसपास वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली, बिऱ्हाड ट्रॅक्टरात, पोरंबाळं, शेळी, म्हातारं माणूस मागं राखणीला. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार बेळगावकडं. नवराबायको मिळून एक कोयता. माणसाला माणूस न म्हणता औजाराच्या नावानं मोजायची ही आपल्या सहकाराची रीत. पहाटे तीन-चारला उठायचं, फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरनं वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. एक दिवस पडलं की खाडा, खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. पाणी कुठलं? शेतकऱ्याच्या मोटरचं, कॅनॉलचं, टँकरचं, मिळेल ते. ते आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, उरलं तर अंगाला.

आता ह्या बाईला सांगा, दिवसातनं दोनदा घासा, दोन-दोन मिनिटं घासा, झोपायच्या आधी घासा. कुठल्या झोपेच्या आधी? गर्भाशय राहिलं तर पाळीचे खाडे पडतात म्हणून पिशवी काढून टाकणाऱ्या ह्या बायका. २०१९ साली त्यावर बोंब झाली, सरकारला समिती नेमावी लागली. जिथं खाड्याच्या भीतीनं पोटातली पिशवी जाते तिथं हिरडीसाठी दवाखाना कोण गाठतंय? कोपीत आरसा सुद्धा नसतो. स्वतःची हिरडी लाल आहे की काळी हे तिनं बघावं कशात?

आणि साखर काढायची हिनंच. गंमत बघा. साखरेनं दात किडतात हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ती साखर जिच्या कोयत्यावर निघते तिच्या वाट्याला फडात बिनदुधाचा, पोट भरावं म्हणून गोड-गोड केलेला चहा येतो. साठीत मधुमेह निघतो. मधुमेह्याची हिरडी लवकर सडते, आणि सडकी हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही. डॉक्टर म्हणतो, गोड बंद करा. ती म्हणते, चावता येत नाही बाबा, चहात भिजवूनच खाते. दोघंही खरं बोलतात आणि रोग पुढं सरकतो.

२०१७ च्या डिसेंबरात राज्य सरकारनं मौखिक आरोग्य तपासणीची मोहीम काढली. तीस वर्षांपुढच्या माणसांची तोंडं तपासायची, कॅन्सर लवकर पकडायचा. हेतू चांगला, मी टिंगल करत नाही. पण महिना कुठला निवडला? डिसेंबर! डिसेंबरात आमच्या वस्तीवर तपासायला तोंड असतं कुणाचं? राखणीला ठेवलेल्या म्हाताऱ्यांचं आणि कुत्र्यांचं. ज्यांच्या तोंडात रोग आहे ती तोंडं तेव्हा कोल्हापूरच्या फडात पाचट झाडत असतात. मंत्रालयात बसून कॅलेंडर बघणाऱ्याला गाळपाचा हंगाम ठाऊक नसतो असं थोडंच आहे! साखरसम्राटाच्या मांडीला मांडी लावून बसतात ते. त्यांच्या हिशेबात कोयता धरलेला असतो, कोयत्याच्या मागचं तोंड धरलेलं नसतं.

व्यवस्थेकडं आता सरळ बघू. सपाट मुलुखात तीस हजार माणसांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथं दाताचा डॉक्टर नसतो. तो असायचा ग्रामीण रुग्णालयात, तालुक्याला. तिथं पद असेल तर माणूस नसतो, माणूस असेल तर खुर्ची मोडलेली, खुर्ची धड असेल तर किटण काढायचं यंत्र बंद, यंत्र चालू असेल तर लाईट नाही. मग एकच उपचार उरतो: उपटणे. ह्याचा अर्थ समजून घ्या. शहरात पैसेवाल्याचा दात वाचवतात, गावात गरिबाचा दात काढतात. रोग एकच, डॉक्टरचं शिक्षण एकच, आणि उपचार मात्र माणसाची ऐपत बघून ठरतो.

देशात आज दंत महाविद्यालयं तीनशेच्या वर आहेत, त्यातली बहुतेक खाजगी. महाराष्ट्रात सरकारी म्हणावीत ती मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशी बोटांवर मोजता येतील. खाजगीत लाखांनी फी भरून बाहेर पडलेला पोरगा शिरूर कासारला दवाखाना थाटेल का? तो पुण्यात कोथरूडला थाटणार, जिथं एका गल्लीत चार पाट्या आधीच लागल्यात. त्याच्यावर माझा राग नाही. बापानं शेत विकून शिकवलं असेल तर त्यानं ते वसूल कुठून करावं? राग ह्याचा आहे, की डॉक्टर घडवण्याचा धंदा करू दिला आणि मग म्हणतात गावात डॉक्टर जात नाही.

२०१४ साली केंद्रानं राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आणला. २०१८ पासून आयुष्मान भारतच्या उपकेंद्रांवर ज्या बारा सेवा मिळायच्या म्हणून सांगितलं त्यात तोंडाच्या आरोग्याची प्राथमिक सेवा आहे. कागदावर आहे. २०२३ साली ह्या केंद्रांचं नाव बदलून आरोग्य मंदिर केलं. दवाखान्याचं मंदिर करण्याची ही हौस कशासाठी? मंदिराच्या पायरीवर किती पिढ्या उभं राहिलो हे विसरलो नाही आम्ही. आम्हाला दवाखाना द्या, दवाखानाच म्हणा, आणि त्यात दाताची खुर्ची ठेवा.

आरोग्य योजनेचं कार्ड आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. ते कार्ड बहुतेक भरती होऊन करायच्या उपचारासाठी. तोंडाचा कॅन्सर होऊन जबडा काढायचा झाला तर कार्ड चालतं, आणि चालायलाच पाहिजे. पण हिरडीखालचं किटण काढायचं अर्ध्या-पाऊण तासाचं काम, ज्यानं वीस वर्षं दात टिकले असते, त्याला कार्ड चालत नाही. त्याला खिशातनं पैसे. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात ते पैसे म्हणजे दोघा नवराबायकोची काही दिवसांची मजुरी, वर येण्याजाण्याचं भाडं, वर खाडा. आणि २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत टूथपेस्टवर आणि ब्रशवर १८ टक्के कर होता. आता पाचवर आणलाय. आठ वर्षं गरिबाच्या दात घासण्यावर अठरा टक्के घेतले, आणि वर विचारतात, दात घासत नाही का गं बाई?

लोकांच्या समजुतींबद्दल बोलायला पाहिजे, कारण शहरातले आपले मित्रही त्यांना हसतात. गावात सांगतात, वरची दाढ काढली की नजर जाते. चूक आहे, दाढेचा आणि नजरेचा संबंध नाही. पण समजूत आली कुठून? चाळिशीत दात हलतात आणि चाळिशीतच जवळचं दिसेनासं होतं. सुईत दोरा जाईना तेव्हा बाईला आठवतं, गेल्या साली दाढ काढली होती. दुसरी समजूत, यंत्रानं दात साफ केले की ढिले होतात. हेही वरवर बघता दिसतंच. हाड केव्हाच झिजलेलं असतं, किटणाच्या दगडानं दात एकमेकांना जखडलेले असतात. दगड काढला की दात खरा जितका हलका झालाय तितका हलतो, फटी उघड्या पडतात, गार लागतं. लोक बघतात, की धड होतं ते डॉक्टरनं बिघडवलं. त्यांना आधी कुणी नीट सांगतच नाही, की थोडे दिवस असं वाटेल, मग हिरडी घट्ट बसेल. उशिरा पोचलेल्या माणसाला हलणारा दातच मिळतो आणि त्याचं ऐकून शेजारी जात नाही. समजूत मोडायची तर भाषण नको, वेळेवर बरा झालेला एक शेजारी पाहिजे.

आणि दुसऱ्या टोकाचे शहाणे. ते म्हणतात, पूर्वी लोक कडुनिंबाची काडी चावायचे, राखेनं घासायचे, दात पोलादी होते. काडीला माझी हरकत नाही. कडुनिंबाची नाहीतर बाभळीची ताजी काडी चावून मऊ कुंचा केला, हिरडीला न टोचता कडेनं फिरवला, तर थर निघतो. राख, कोळसा, विटकरीची पूड मात्र दात झिजवते, हिरडी सोलते. मीठ नुसतं बोटानं रगडलं तर तेच. आणि गंमत बघा, ज्या पेस्टवाल्यांनी गावठी म्हणून कोळशाला, मिठाला नाक मुरडायला शिकवलं तेच आज कोळसा आणि मीठ घातलेली पेस्ट दुप्पट दरानं विकतात. आमच्या बापानं चुलीतनं उचलला तर तो अडाणी, कंपनीनं नळीत भरला तर तो निसर्ग.

तोंडाचा आणि जातीचा संबंध काय, असं विचारणारे विचारतीलच. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यानं गळ्यात मडकं अडकवून फिरावं, थुंकी जमिनीवर पडू नये, अशी सक्ती होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या लाहोरच्या त्या न होऊ दिलेल्या भाषणात हे नोंदवून ठेवलंय. ज्याची थुंकी विटाळ होती त्यानं चूळ कुठं भरावी? १९२७ च्या २० मार्चला महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. ज्यांच्या दारात विहीर त्यांचं आचमन, आणि ज्यांना विहिरीवर चढू दिलं नाही त्यांना म्हणायचं घाणेरडे. आज मडकं नाही. पण कुठल्याही गावात बघा, नळाची पाइपलाइन आपल्या वस्तीवर शेवटी येते आणि उन्हाळ्यात आधी सुकते. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा शहरात घागरीच्या रांगा लागल्या. खेड्यातल्या वस्तीनं त्या उन्हाळ्यात कशानं चुळा भरल्या हे कुणी विचारलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर, व्यवस्था बदलेस्तोवर हिरडी थांबणार नाही, म्हणून करायचं काय ते लिहितो. गावाकडं जाताना साडी-मिठाईबरोबर मऊ ब्रश न्या, घरात जितकी माणसं तितके, एकाच ब्रशावर घर चालवू नका. पेस्ट साधी, वाटाण्याएवढी पुरते. पेस्ट नसली तरी ब्रश फिरवणं महत्त्वाचं, थर पेस्टनं जात नाही, घासण्यानं जातो. सकाळचं घासणं हुकलं तर हुकू द्या, रात्री जेवल्यावरचं हुकवू नका. ब्रशचे केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके धरायचे आणि हळू फिरवायचे, भांडी घासल्यासारखं नाही. रक्त आलं म्हणून थांबायचं नाही, रक्त येतं तिथंच घासायची गरज असते. पंधरा दिवसांनीही येत राहिलं तर डॉक्टर. पाणी कमी असलं तर एका तांब्यात होतं. तोंडात पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरतं न उघडणं, ह्यातलं काही दिसलं तर हंगाम असो नसो, माणसाला उचलून जिल्ह्याला न्या. आईची मशेरी एका दिवसात सुटणार नाही. डबी फेकून देऊन आईचा अपमान करू नका. आधी तोंडात धरायचा वेळ कमी, मग दिवसातल्या खेपा कमी, आधी दुपारची, मग संध्याकाळची, सकाळची सगळ्यात शेवटी. ती सकाळची कधी सुटेल ते संडासात पाणी कधी येतं त्यावर आहे. आणि तिच्यासमोर स्वतःची पुडी आधी बंद.

संघटनेनं करायचं ते वेगळं. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालंय, कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये त्यासाठी घ्यायचे ठरलेत. त्या पैशातनं हंगामात प्रत्येक कारखान्याच्या गाडीतळावर दाताच्या डॉक्टराची गाडी उभी राहिली पाहिजे, रात्री, कारण गाड्या रिकाम्या व्हायची वाट बघत माणसं तिथं रात्री बसलेली असतात. तपासणीला जाणाऱ्याचा खाडा धरायचा नाही, हे मुकादमाच्या करारात लिहून घ्यायचं. आणि वस्त्यांवरची शिबिरं जून ते सप्टेंबरात, माणसं घरी असताना. बीडच्या पोरांनी तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावेत: दंतशल्यचिकित्सकाचं पद मंजूर आहे का, भरलंय का, खुर्ची चालू आहे का, गेल्या वर्षी किती दात काढले आणि किती जणांचं किटण काढलं. हे शेवटचे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून पुढच्या अंकासाठी पाठवा. गाळप नोव्हेंबरात सुरू होतं. अर्ज पावसाळ्यातच गेले पाहिजेत.